वाट वांकडी कीं चाल वांकडी?

गेल्या महिन्यांत आमच्या मंडळीच्या पंचांची सभा भरली असतां एका बाईंचा अर्ज पुढें आला. अर्ज लहानच होता. मंदिराच्या मागें जुन्या शाळेची खोली रिकामी पडली आहे, ती सकाळच्या वेळीं आपणांस मिळावी आणि मंडळीच्या सेवानिधींतून थोडें मानधन मिळावें, म्हणजे गांवाबाहेर ऊसतोडीच्या टोळ्यांचा जो तळ पडतो त्यांतील मुलांस व बायांस घेऊन आपण तेथें बसूं, इतकीच मागणी. खोलीविषयीं कोणाचीच हरकत नव्हती. तींत सध्या मोडकीं बांकें व उंदीर यांवांचून दुसरें कांहीं राहत नाहीं. हरकत होती ती बाईंविषयीं. आमचे एक वयोवृद्ध वडील, ज्यांच्या भक्तीविषयीं आम्हांस तिळमात्र संशय नाहीं, ते उठून म्हणाले, "पाळकसाहेब, बाई चांगली आहे, पण तिचें पाऊल एका जागीं ठरत नाहीं. आधीं मास्तरीण झाली, तें सोडलें. मग दवाखान्यांत गेली, तेंही सोडलें. मग शहरांत जाऊन शिवणयंत्रावर बसली. आतां हें नवें. नांगराला हात घालून मागें पाहणाऱ्याविषयीं प्रभु काय बोलला आहे तें आपणां सर्वांस ठाऊक आहे." दुसऱ्या एका पंचांनीं लगेच करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राचा सातवा अध्याय काढला आणि मनुष्यानें आपल्या पाचारणाची जागा सोडूं नये असा त्याचा अर्थ सांगितला. सभेनें निर्णय पुढें ढकलला.

आम्ही त्या वेळीं गप्प राहिलों, हें कबूल केलें पाहिजे. गप्प राहण्यास कारणही होतें. पुष्कळ वर्षांपूर्वीं ह्याच बाई, शाळा सोडावी कीं न सोडावी हें विचारण्यासाठीं आमच्याकडे आल्या होत्या, आणि लागलेली नोकरी कोणी सोडतें काय, असें म्हणून आम्हीं त्यांस प्रार्थनेपूर्वींच वाटेस लाविलें होतें. प्रार्थना मागाहून केली. ती बहुधा आमच्याच मनाच्या समाधानासाठीं असावी.

तेव्हांपासून एक प्रश्न आमच्या मनांत घोळत आहे, आणि तो आमच्या वाचकांपुढें, विशेषेंकरून खेड्यापाड्यांतील उपदेशकबंधूंपुढें ठेवावासा वाटतो. देवाचें पाचारण सरळ रेषेंत येतें काय? ज्याच्या आयुष्याची वाट वळणावळणानें गेली त्यानें देवाचा शब्द ऐकलाच नाहीं, असें समजावें काय? आणि जर वळण घेणें हें पाप नसेल, तर चंचलपणा व आज्ञापालन यांतील भेद कोणीं व कशावरून ओळखावा?

प्रथम एक गोष्ट सांगून टाकतों, कारण ती न सांगितल्यास पुढील सर्व विचार खोटा ठरेल. आमच्या पंचांमध्यें एक भाऊ आहेत, ते तरुणपणीं पलटणींत होते. पुढें साखर कारखान्यावर पहारेकरी झाले, मध्यंतरीं त्यांनीं किराणा मालाचें दुकान घातलें, तें बुडालें, आणि मग ते उपदेशक झाले. ह्या भावांचा परिचय करून देतांना आम्ही नेहमीं म्हणतों, "हे फार अनुभवी गृहस्थ आहेत." चार धंदे केलेला पुरुष अनुभवी, आणि तीन कामें केलेली बाई चंचल! हें माप आम्हीं कोणत्या शास्त्रांतून काढलें? बाईनें एखादें काम सोडलें तर तें बहुधा कोणाचें तरी आजारपण काढण्यासाठीं, कोणाचें तरी मूल सांभाळण्यासाठीं, अथवा घरांतील दुसऱ्या कोणाच्या सोयीसाठीं सोडलेलें असतें. पण त्या सोडण्याचा हिशेब मात्र तिच्या एकटीच्या नांवावर मांडला जातो.

असो. ह्या विषयाचा विचार करितांना पंडिता रमाबाईंचें चरित्र वारंवार आमच्या डोळ्यांपुढें येऊं लागलें. हें नांव आमच्या मंडळ्यांस नवें नाहीं. कित्येक घरांतील आज्या व पणज्या केडगांवच्या मुक्तिसदनांत वाढलेल्या आहेत. परंतु आम्ही तें चरित्र नेहमीं शेवटाकडून वाचतों. केडगांवच्या इमारती, छापखाना, मराठी बायबल हीं आधीं दिसतात, आणि मग मागें वळून पाहिलें म्हणजे सारी वाट जणूं काय केडगांवाकडेच आंखलेली होती असें वाटूं लागतें. जो मनुष्य ती वाट चालत असतो त्यास मात्र पुढचें वळण दिसत नाहीं. म्हणून एकवार ती आरंभाकडून पाहूं.

रमाबाईंचा जन्म १८५८ सालीं गंगामूळच्या रानांत झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनीं आपल्या पत्नीस संस्कृत शिकविलें, ही त्या काळीं लहान गोष्ट नव्हती, आणि त्या माउलीनें तें आपल्या मुलीस शिकविलें. ह्या कुटुंबास एका ठिकाणीं घर करून राहणें फार काळ लाभलें नाहीं. तीर्थामागून तीर्थ व देवळामागून देऊळ असा त्यांचा प्रवास चालला होता. पुराण सांगावें आणि ऐकणारे जें देतील त्यावर राहावें. रमाबाईंचा पहिला धंदा म्हणावयाचा तर हाच. पुढें दुष्काळ आला आणि गांठचें सरलें. वडील गेले, आई गेली, थोरली बहीणही गेली. ह्या दिवसांविषयीं रमाबाईंनीं पुढें आपल्या साक्षींत जें लिहिलें त्यांतील एक गोष्ट आम्हांस विसरवत नाहीं. भागवताचे हजारों श्लोक ज्या घरांत मुखोद्गत होते, त्या घरांतील कोणासही भाकरी मिळविण्याचें एकही काम येत नव्हतें, आणि मोलमजुरी करण्यास कुळाचा अभिमान आड येत होता. ही आठवण वाचकांनीं मनांत ठेवावी. तिचा उपयोग पुढें आहे.

राहिलीं तीं दोघें बहीणभाऊ. देशभर पायीं हिंडत तीं १८७८ सालीं कलकत्त्यास पोंचलीं. तेथील पंडितांनीं रमाबाईंची परीक्षा घेऊन त्यांस पंडिता व सरस्वती ह्या पदव्या दिल्या, आणि पुराणिकाची मुलगी व्याख्यानें देऊं लागली. १८८० सालीं भाऊ वारला. त्याच वर्षीं त्यांनीं बिपिनबिहारी मेधावी नांवाच्या बंगाली वकिलांशीं लग्न केलें. जातीच्या बाहेर केलेलें हें लग्न होतें. आसामांतील सिलचर येथें नवऱ्याच्या पुस्तकांत त्यांस लूकच्या शुभवर्तमानाची बंगाली प्रत सांपडली, ती तेथेंच त्यांनीं प्रथम वाचली. संसारास दोन वर्षें पुरीं होण्याच्या आंतच, १८८२ च्या फेब्रुवारींत, बिपिनबाबू पटकीनें गेले. मांडीवर वर्षाच्या आंतली मुलगी मनोरमा. रमाबाई पुण्यास आल्या, तेथें त्यांनीं आर्य महिला समाज स्थापिला, 'स्त्रीधर्मनीति' हें पुस्तक लिहिलें, आणि हंटर साहेबांच्या शिक्षणकमिशनापुढें साक्ष देऊन, ह्या देशांतील स्त्रियांस स्त्रीशिक्षक व स्त्रीडॉक्टर पाहिजेत असें सांगितलें. नुसतें सांगून त्या राहिल्या नाहींत. स्वतः डॉक्टर होण्याच्या हेतूनें त्या १८८३ सालीं इंग्लंडास गेल्या.

आणि तेथें काय झालें? त्यांच्या कानांनीं त्यांस दगा दिला. त्यांस ऐकूं कमी येई, आणि ह्या व्यंगामुळें वैद्यकीचा मार्ग बंद झाला. ज्यासाठीं समुद्र ओलांडला तेंच हातीं लागलें नाहीं. त्याच वर्षीं सप्टेंबर महिन्यांत वाँटेज येथें त्यांचा व त्यांच्या मुलीचा बाप्तिस्मा झाला. पण बाप्तिस्म्यानंतरही आपल्या शिक्षकांशीं त्यांचा धर्ममतांविषयीं वाद चालूच राहिला, आणि कोणी सांगितलें म्हणून मान डोलविणें त्यांस जमलें नाहीं. मग चेल्टनहॅम येथील मुलींच्या कॉलेजांत त्यांनीं संस्कृत शिकविलें व स्वतः इतर विषय शिकल्या. १८८६ सालीं तेंही सोडून त्या अमेरिकेस गेल्या, कारण त्यांच्या नात्यांतील आनंदीबाई जोशी यांस फिलाडेल्फिया येथें डॉक्टरीची पदवी मिळावयाची होती व तो समारंभ त्यांस पाहावयाचा होता.

आतां आमच्या पंचांनीं क्षणभर अशी कल्पना करावी कीं साल १८८६ आहे आणि ह्या बाईंचा अर्ज आपल्या मेजावर आला आहे. वय अठ्ठावीस, विधवा, पदरीं मूल. पुराण सांगत होत्या, तें सोडलें. व्याख्यानें देत होत्या, तीं थांबलीं. पुण्यास समाज काढला, आणि वर्षभरांत त्याला मागें ठेवून परदेशीं गेल्या. वैद्यकी शिकावयास निघाल्या, ती झाली नाहीं. बाप्तिस्मा घेतला, पण वडीलधाऱ्यांशीं वाद घालतात. चांगली शिक्षकिणीची जागा होती, ती सोडून एक समारंभ पाहण्यास दुसऱ्या खंडांत गेल्या. बंधूंनो, ह्या अर्जावर आपण काय शेरा मारला असता? आम्हांपुरतें बोलावयाचें तर, आम्हीं 'पाऊल ठरत नाहीं' एवढेंच लिहून तो अर्ज फाइलींत ठेविला असता, आणि सभेच्या शेवटीं फार गंभीरपणें प्रार्थना केली असती.

अमेरिकेंत त्यांस परत फिरावेंसें वाटलें नाहीं. तेथें त्यांनीं लहान मुलांस खेळांतून शिकविण्याची बालोद्यानाची पद्धति अभ्यासिली, उच्चवर्णीय हिंदु स्त्रीच्या स्थितीवर इंग्रजींत पुस्तक लिहिलें (१८८७), गांवोगांव बोलल्या, आणि बोस्टन येथें त्यांच्या कार्यास दहा वर्षें साहाय्य देण्यासाठीं एक मंडळी उभी राहिली. १८८९ च्या मार्च महिन्याच्या ११ तारखेस मुंबईंत शारदासदन उघडलें. तेथील पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई. पुढें त्यांचा विवाह धोंडो केशव कर्वे यांच्याशीं झाला, आणि कर्व्यांनीं १८९६ सालीं आपलें स्वतःचें विधवागृह काढलें. एका खोलींत पेटविलेला दिवा दुसऱ्याच्या घरांत कसा उजेड पाडतो हें ज्यास पाहावयाचें असेल त्यानें ह्या गोष्टीचा शोध घ्यावा. आम्ही येथें थांबत नाहीं.

१८९० सालीं सदन पुण्यास आलें. १८९३ सालीं त्यांवर मोठें वादळ उठलें. रमाबाई स्वतः प्रार्थना करीत तेव्हां दार उघडें असे, आणि ज्या मुलींस यावेंसें वाटे त्या येऊन बसत. एवढ्यावरून, हें मुली बाटविण्याचें घर आहे, असा गवगवा झाला. पुण्यांतील नामांकित सल्लागारांनीं संबंध तोडला, आणि पुष्कळ मुलींस त्यांच्या पालकांनीं काढून नेलें. अकरा वर्षांपूर्वीं ज्यांनीं डोक्यावर घेतलें त्यांनींच पाठ फिरविली. इतकें होऊनही त्यांनीं दार लावून घेतलें नाहीं.

पुढें अमेरिकेंतील मदतीची दहा वर्षें संपत येणार म्हणून, सदनास स्वतःच्या उत्पन्नाचा आधार असावा ह्या हेतूनें त्यांनीं पुण्याच्या पूर्वेस केडगांव येथें जमीन घेऊन फळझाडें लाविलीं. त्या वेळीं तेथें मुलींचें मोठें वसतिगृह उभारावें असा विचार नव्हता. विचार फळबागेचा होता. मग १८९६-९७ चा दुष्काळ आला. रमाबाई स्वतः मध्यप्रांतांत गेल्या, आणि ज्या मुली उपाशी मरत होत्या अथवा दुष्ट लोकांच्या हातीं पडत होत्या, त्यांस शेंकड्यांनीं घेऊन आल्या. पुण्यांत प्लेगाचे निर्बंध होते, तेथें इतक्या मुली ठेवितां येईनात. तेव्हां त्यांस केडगांवच्या मळ्यांत नेलें. तेंच मुक्तिसदन. १९०० च्या दुष्काळानंतर तेथील संख्या दीड हजारांवर गेली.

त्या मळ्यांत काय चाले तें पाहावें. मुली लिहिणें वाचणें तर शिकतच, पण त्याबरोबर विणकाम, शिवण, शेती, गाईम्हशींची निगा, तेलाचा घाणा, आजाऱ्यांची शुश्रूषा, छापखान्यांतील खिळे जुळविणें, हेंही शिकत. आंधळ्या मुलींसाठींही शाळा होती. ज्या घरांत विद्या होती पण हातांस काम येत नव्हतें आणि म्हणून आईबाप डोळ्यांदेखत गेले, त्या घरची ही मुलगी. तिनें आपल्या हाताखालील मुलींस हातांनीं काम करावयास शिकविलें. आणि बाळपणीं देवळाच्या ओसरीवर बसून जी संस्कृत विद्या शिकल्या, तिच्या साहाय्यानें व उतारवयांत इब्री आणि ग्रीक शिकून, रमाबाईंनीं सर्व पवित्र शास्त्राचें भाषांतर केलें. तें पंडितांच्या मराठींत केलें नाहीं. खेड्यांतील अडाणी बाईस कळावें अशा साध्या मराठींत केलें, आणि त्याच मुलींच्या हातून छापविलें. १९२२ च्या एप्रिल महिन्याच्या ५ तारखेस त्या प्रभूकडे गेल्या. काम तेव्हां नुकतेंच हातावेगळें झालें होतें.

हीं सर्व वळणें एका सुतांत ओंवून दाखविणें सोपें आहे. पाहा, देवानें एकही काडी वायां जाऊं दिली नाहीं, असें म्हणून उपदेश संपवावा, गीत गावें, घरीं जावें. आम्हीं स्वतः असा उपदेश एकाहून अधिक वेळां केला आहे. पण ह्या खेपेस लिहितांना हात अडखळला.

एक तर, सगळ्याच काड्या उपयोगास आल्या नाहींत. डॉक्टर होण्याची इच्छा होती ती तशीच राहिली. कान सुधारले नाहींत. जी मुलगी आपल्या मागें हें काम चालवील अशी आशा होती, ती मनोरमा १९२१ सालीं आईच्या आधींच गेली. दुसरी गोष्ट ह्याहून कठीण आहे. रमाबाईंच्या वाटेवरील मोठीं वळणें हीं दुसऱ्यांच्या मरणाचीं वळणें आहेत. आईबाप न मरते तर त्या कलकत्त्यास न जात्या. बिपिनबाबू न मरते तर त्या पुण्यास न येत्या. १८९६ चा दुष्काळ न पडता तर केडगांव ही फळझाडांची बाग राहती. मग देवानें मुक्तिसदन उभें राहावें म्हणून दुष्काळ धाडला, असें आम्हीं म्हणावें काय? हें आम्हांस म्हणवत नाहीं. ज्या मुली केडगांवापर्यंत पोंचल्याच नाहींत, वाटेंतच रस्त्याच्या कडेला मेल्या, त्यांच्या आयांपुढें उभें राहून ज्याला हें म्हणवेल त्यानें म्हणावें. योसेफानें आपल्या भावांस जें सांगितलें त्याचा आम्ही असा अर्थ घेतों कीं भावांनीं केलेलें वाईट हें वाईटच राहिलें. देवानें त्या वाइटाचा हात धरून त्यास दुसरीकडे वळविलें. दुष्काळ देवाची योजना होती असें आम्हांस वाटत नाहीं. दुष्काळांत मुलींसाठीं निघणारी बाई मात्र देवाचीच होती.

आतां आमच्या वयोवृद्ध वडिलांच्या म्हणण्याकडे वळूं, कारण त्यांत खरेपणा आहे. प्रत्येक वळण पवित्र असतें असें मुळींच नाहीं. होरेबापासून कादेशापर्यंत अकरा दिवसांची वाट, असें मोशेच्या पांचव्या पुस्तकाच्या आरंभीं सांगितलें आहे. आणि इस्राएल लोक चाळीस वर्षें रानांत फिरले. तें फिरणें आज्ञापालनाचें नव्हतें. असेहि लोक आम्हीं पाहिले आहेत, जे प्रत्येक मंडळींत सहा महिने राहतात, सर्वत्र भांडतात, आणि पुढच्या मंडळींत जाऊन मागच्या मंडळीची निंदा करतात. त्यांच्या वाटेस पाचारण म्हणणें म्हणजे त्या शब्दाची थट्टा होय. उलट सरळ वाटही भ्रष्ट असूं शकते. योना याफोस गेला, भाडें दिलें, तारशीशाच्या तारवांत बसला. त्याच्या जाण्यांत एकही वळण नव्हतें. सरळ जात होता, पण निनवेकडे पाठ करून.

म्हणून वाट वांकडी कीं सरळ, ह्या प्रश्नानें कांहींच निष्पन्न होत नाहीं, असें आम्हांस वाटूं लागलें आहे. विचारावयाचें तें हें, कीं प्रत्येक वळणावर ह्या मनुष्याचें तोंड कोणाकडे होतें? रमाबाईंनीं धंदे पुष्कळ बदलले. पण १८८२ सालीं कमिशनापुढें ज्या निराधार स्त्रीसाठीं त्या बोलल्या, तिच्यासाठींच त्या डॉक्टर होऊं गेल्या, तिच्यासाठींच अमेरिकेंत वणवण केली, आणि शेवटीं तिला समजेल अशाच शब्दांत शास्त्र लिहिलें. काम बदललें. जिच्याकडे तोंड होतें ती बदलली नाहीं. प्रेषित पौलासही बिथुनियांत जाण्यास आत्म्यानें मना केलें, तेव्हां तो त्रोवसास आला, आणि तेथून समुद्र ओलांडून मासेदोनियांत गेला. बेत मोडला, पण ज्यांस शुभवृत्त पाहिजे त्यांच्याकडे केलेलें तोंड त्यानें फिरविलें नाहीं.

करिंथकरांच्या पत्राच्या सातव्या अध्यायाविषयीं थोडक्यांत सांगतों. तेथें पौल सुंतेविषयीं व दास्याविषयीं बोलत आहे. यहूद्यानें यहूदीपण लपवूं नये, दासानें आपणांस हलका समजूं नये, असा त्याचा रोख आहे. शिवाय दासास सुटका मिळत असेल तर त्याविषयींही तो तेथेंच बोलतो. नोकरी बदलूं नये असा नियम त्यांतून काढणें म्हणजे त्या अध्यायावर जुलूम आहे. लिहिणारा स्वतः तंबू शिवीत असे.

आणि नांगर! येथें आमच्या शेतकरी बंधूंची आम्ही साक्ष काढतों. आमचा स्वतःचा जन्म नांगराच्या मागें गेला नाहीं, पण वडिलांचा गेला. नांगर धरणारा मागें पाहूं लागला तर तास वांकडा पडतो, हें खरें. पण तास बांधापर्यंत गेला म्हणजे तो काय करतो? बैल वळवितो. वळविलेच पाहिजेत, न वळवील तर बांध फोडून दुसऱ्याच्या शेतांत जाईल. एका दिवसांत तो कितीदां वळतो याची मोजदाद कोण ठेवतो? मागें पाहणें निराळें आणि बांधाशीं वळणें निराळें. प्रभूनें पहिल्याविषयीं इशारा दिला. दुसऱ्याविषयीं कांहीं बोलला असें आम्हांस शास्त्रांत आढळत नाहीं.

हे विचार मनांत घेऊन आम्ही गेल्या आठवड्यांत त्या तळावर गेलों. तोपर्यंत तेथें कधीं गेलों नव्हतों, हेंही लिहून ठेवतों. तळ मंदिरापासून एका मैलाच्या आंत आहे.

पाचटाच्या कोप्या ओळीनें उभ्या होत्या. ज्यांस ठाऊक नसेल त्यांच्यासाठीं सांगतों कीं ह्या कामांत नवराबायको मिळून एक कोयता धरला जातो, आणि मुकादमाकडून हंगामापूर्वीं घेतलेली उचल दोघांच्या अंगमेहनतीनें फेडावयाची असते. पहांटे अंधारांतच सर्व फडांत जातात. मागें राहतात तीं मुलें. पांच सहा वर्षांच्या मुलीच्या कडेवर वर्षाचें मूल, असें चित्र आम्हीं एकाच ओळींत चार ठिकाणीं पाहिलें. बाई एका कोपीपुढें पोत्यावर बसल्या होत्या. भोंवतीं पंधरा वीस मुलें, आणि धुळींत काडीनें काढलेलीं अक्षरें. एका बाळाच्या अंगांत ताप होता. त्यास त्यांनीं मांडीवर घेऊन ओल्या फडक्यानें पुसत ठेविलें होतें. दुपारीं फडांतून परत आलेल्या एका बाईनें चोळींतून चुरगळलेला कागद काढून त्यांच्यापुढें धरला. मुकादमाचा हिशेब होता. त्यांनीं तो मोठ्यानें वाचला, दोनदां बेरीज केली आणि म्हणाल्या, "ताई, ह्यांत दोन खेपा धरल्याच नाहींत. आज संध्याकाळीं तुमच्या घरच्यांस संगें घेऊन विचारा. मी येतें पाहिजे तर."

शाळेंतलें अक्षर, दवाखान्यांतलें फडकें आणि, शिवणाच्या दुकानांत गिऱ्हाइकांशीं घातलेल्या घासाघिशींतून आलेलें हिशेबाचें धारिष्ट. आम्हीं हें मनांत म्हटलें आणि लगेच स्वतःस आवरलें, कारण हें पुनः तेंच सुतांत ओंवणें झालें. म्हणून त्यांसच विचारलें, "बाई, आपण तीं कामें सोडलीं तीं अशासाठींच काय?"

त्या हंसल्या. म्हणाल्या, "नाहीं, पाळकसाहेब. शाळा सोडली ती पगार सहा सहा महिने मिळेना म्हणून. दवाखान्यांतलें शिक्षण अर्ध्यावर राहिलें तें सासूबाई अंथरुणास खिळल्या म्हणून. त्या चार वर्षें होत्या. आणि शिवण केलें तें पोटासाठीं. त्यांत मला कांहीं गोडी नव्हती, तें सुटलें तेव्हां मी देवाचे आभार मानले." मग थोड्या वेळानें म्हणाल्या, "शाळेंत होतें तेव्हां ऊसतोडवाल्यांचीं मुलें दिवाळीनंतर येत आणि उन्हाळ्याच्या तोंडीं जात. हजेरीपटावर त्यांचीं नांवें धरूं नका असें आम्हांस सांगितलें होतें. तीं मागें बसत. तेवढें मात्र माझ्या मनांतून कधीं गेलें नाहीं."

ह्यावर आम्हांस बोलण्यासारखें कांहीं राहिलें नाहीं. ज्या वर्षीं त्या आमच्याकडे सल्ला विचारण्यास आल्या, त्या वर्षीं त्या मागच्या रांगेविषयीं बोलण्यासच आल्या होत्या कीं काय, हें आम्हीं विचारलें नाहीं. विचारण्याचें धैर्य झालें नाहीं.

परत येतांना मुकादमाची गांठ पडली. कारखान्याचा पट्टा यंदा लौकर पडणार, तळ दोन आठवड्यांत उठेल, असें त्यानें सांगितलें. आमच्या पंचांची सभा पुनरुत्थानदिनानंतरच्या आठवड्यांत ठरली आहे. तोपर्यंत तेथें चुलींच्या राखेवांचून कांहीं उरणार नाहीं. तेव्हां सभा अलीकडे ओढावी अशी चिठ्ठी आम्हीं त्याच रात्रीं सर्व पंचांकडे पाठविली. तीन जणांचें उत्तर आलें आहे.

जुन्या खोलीची किल्ली आमच्या त्या वयोवृद्ध वडिलांजवळ असते. काल सायंकाळीं त्यांच्या घरीं गेलों व बांकें बाहेर काढण्यापुरती ती मागितली. त्यांनीं आम्हांस बसविलें, चहा दिला, आणि बांधाशीं बैल वळविण्याची गोष्ट आम्हीं काढतांच म्हणाले, "मला नांगर शिकवूं नका, पाळकसाहेब." मग उठून आंत गेले व किल्ली आणून आमच्या हातांत ठेविली. मत त्यांनीं अद्याप राखून ठेविलें आहे.